म्हशीची चौकशी

"गोळी पूर्वेकडून आली," मॅकरे म्हणाला.

"पश्चिमेकडून," वोइचिक म्हणाला.

दोघांच्या मध्ये म्हैस मरून पडली होती आणि तिच्यावर माशा घोंगावत होत्या. कॅनडाचा कॅप्टन मॅकरे तिच्या डोक्याशी उभा होता, पोलंडचा कॅप्टन वोइचिक शेपटीशी. मी, हिंदुस्थानचा मेजर रांजणे, नाकाला रुमाल लावून मधे, पोटाशी. त्या देशात कुठंही गेलं तरी आम्हा तिघांची जागा हीच असायची.

ही गोष्ट छप्पन्न सालची, लाओसमधली. फ्रेंच निघून गेले होते आणि मागं राहिलेल्यांत जुंपली होती. एका बाजूला राजाचं सरकार, त्याच्या पाठीशी अमेरिका. दुसऱ्या बाजूला डोंगरातली बंडखोर फौज, तिच्या पाठीशी रशिया आणि चीन. कागदावर युद्धबंदी झाली होती. ती पाळली जाते का हे पाहायला तीन देशांचा आयोग नेमला होता. एका बाजूचा म्हणून कॅनडा, दुसऱ्या बाजूचा म्हणून पोलंड, आणि दोघांनाही चालेल असा हिंदुस्थान. म्हणून अध्यक्षपद आमच्याकडे. ठिकठिकाणी आमची तिघातिघांची पथकं होती. कुणी तक्रार केली की पांढरी जीप घेऊन जायचं, पाहायचं, विचारायचं आणि अहवाल लिहायचा. मॅकरे एक म्हणायचा, वोइचिक त्याच्या उलट म्हणायचा, आणि दोघांनाही सही करता येईल असं वाक्य मी शोधायचं. कुणीच काही केलं नाही हे सांगणारी वाक्यं इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतात, ते मी तिथं शिकलो.

मला त्या कामाचा शीण आला होता. पोट कायमचं बिघडलेलं, डब्यातल्या मांसाचा वास नकोसा झालेला. इकडे आमच्या गावी, जावळीत, मला मुलगी झाली होती आणि तिचं बारसं माझ्यावाचून उरकलं होतं. माझ्या जागी येणारा अधिकारी दिल्लीहून निघायच्या बेतात होता. हातातली प्रकरणं मिटवायची आणि विमानात बसायचं, एवढंच मनात होतं. म्हशीचं प्रकरण त्यातलं शेवटचं.

म्हैस मेली ते गाव बान केओ. नदीकाठची तीसेक घरं, सगळी लाकडी खांबांवर उभी, भोवती भाताची खाचरं. पूर्वेच्या टेकडीवर बंडखोरांचं ठाणं, पश्चिमेच्या टेकडीवर सरकारी फौजेचं. गावाजवळ नदीला उतार होता, बारा महिने पायी ओलांडता येईल असा; त्या मुलखात तेवढा एकच. त्यामुळं गाव आपल्याकडं हवं असं दोन्ही ठाण्यांना वाटे. म्हैस खाचरात गोळी लागून पडली तेव्हा दोघांनीही एकमेकांविरुद्ध तक्रार केली. आणि नियम असा होता, की जिथं आमची चौकशी चालू आहे तिथं ती संपेपर्यंत कुठल्याही फौजेनं जागचं हलायचं नाही.

हे प्रकरण एका सकाळीत मिटेल असा माझा अंदाज होता. वाक्यही तयार होतं: गोळी कुठून आली ते निश्चित सांगता येत नाही. पहिल्या दिवशी परतताना मी ते दोघांना वाचून दाखवलं. मॅकरे म्हणाला, जखमेचा कोन मोजल्याशिवाय मी सही करणार नाही. हा मॅकरे तांबूस केसांचा, उंच, शब्द मोजून बोलणारा गडी. त्यानं पूर्वी माझं कुठलंच वाक्य अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन कोन मोजला. तेव्हा वोइचिक म्हणाला, कोनावरून काही ठरत नाही, म्हैस पडताना फिरली असेल. ती पडताना पाहिलेला साक्षीदार हवा. साक्षीदार शोधला. मॅकरेनं त्याची उलटतपासणी इतकी लांबवली की तो म्हातारा शेवटी गप्पच झाला. मग दोन्ही टेकड्यांपासूनचं अंतर मोजायचं ठरलं. दोरी घेऊन आम्ही चिखलातून चालत होतो, आणि दर थोड्या अंतरावर त्या दोघांपैकी एकाला दोरी सैल वाटायची. मग परत पहिल्यापासून. मधल्या मधे म्हैस इतकी कुजली की गावकऱ्यांनी ती पुरली. त्यावर वोइचिक मला शांतपणे म्हणाला, की पुरलेली म्हैस हीच तक्रारीतली म्हैस, याला पुरावा काय?

आमचा दुभाषा सोमफोन हा तिथला एक शाळामास्तर. त्यानं हा प्रश्न गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत विचारला. ते एकमेकांकडे पाहत राहिले. मला मात्र मान वर करायची लाज वाटली.

त्याच आठवड्यात मॅकरेच्या रेडिओवर बातम्या आल्या. रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते, आणि तिकडे सुवेझवर इंग्रज आणि फ्रेंच बाँब टाकत होते. आम्ही तिघं कोंडाळ्यात बसून ऐकत होतो. मॅकरे आणि वोइचिक, दोघांच्याही बाजूच्या थोरल्यांनी एकाच वेळी दुसऱ्याच्या घरात पाय घातला होता. बुडापेस्टची बातमी चालू असताना वोइचिक उठला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मॅकरेनं रेडिओ बंद केला. मला वाटलं, आता उद्या याचं उट्टं निघणार. आणि निघालंही. दुसऱ्या दिवशी बान केओत ते दोघं म्हशीच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून असे भांडले की पूर्वी कधी भांडले नव्हते. खड्डा उकरायचा की नाही, यावरून. दोन्ही ठाण्यांचे संपर्क अधिकारी आपापल्या बाजूला उभे राहून समाधानानं ऐकत होते.

मी मात्र हताश झालो. आख्खं जग दोन बैलांसारखं शिंगाला शिंग लावून उभं आहे, आणि त्याचंच हे बारकं रूप इथं एका मेलेल्या जनावरापाशी चाललं आहे, असं मला वाटलं. मुख्यालयाकडून रोज विचारणा होत होती. शेवटी बिनतारी संदेश आला, की या आठवड्यात प्रकरण मिटवा; दोघं ऐकत नसतील तर अध्यक्षानं स्वतःच्या मतानं अहवाल द्यावा. तो अधिकार मला होता. एकाच्या बाजूनं मत दिलं की दोनास एक होऊन प्रकरण बंद. तसं करणं चांगलं समजलं जात नसे, कारण मग दुसरी बाजू हिंदुस्थानवर रुसायची. पण मला आता कुणाच्या रुसण्याची पर्वा उरली नव्हती. मॅकरेच्या बाजूनं मत द्यायचं मी ठरवलं. वोइचिकच्या बाजूनंही ठरवलं असतं तरी मला फरक पडत नव्हता.

मत नोंदवायला निघालो त्या सकाळी जीप वाटेत बंद पडली. ड्रायव्हर खटपट करत होता. उशीर झाला तसा मी कंटाळून पुढच्या वळणापर्यंत चालत गेलो. तिथून सगळी दरी दिसते. ऊन चांगलं होतं, भात पिवळंधमक उभं होतं, खाली काही खाचरांची कापणी झालेली दिसत होती. पण खाचरांत चिटपाखरू नव्हतं.

मी भाताच्या मुलखातला माणूस. भात झडायला आलं की घरात आजारी माणूससुद्धा थांबत नाही, एवढं मला कळतं. आज काही सण असेल, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात मागून जीप चालू झाल्याचा आवाज आला. ती वळणावर माझ्याजवळ आली, वरचा आयोगाचा झेंडा फडफडत होता, आणि मी चढून बसणार तोच खाली हालचाल दिसली. घरांच्या खालून माणसं बाहेर पडत होती. बायका, पुरुष, म्हातारे, सगळ्यांच्या हातात विळे. आमची जीप उताराला लागली आणि ती सगळी खाचरांत पसरली. आम्ही गावात पोचेपर्यंत कापणी अशी चालू होती जणू पहाटेपासून चालूच असावी.

मी मागं वळून पाहिलं. मॅकरे उजवीकडच्या डोंगराकडे बघत होता आणि वोइचिक डावीकडच्या.

म्हैस ज्या बाईची होती तिला मी तोवर काही विचारलंच नव्हतं. तक्रार दोन फौजांची होती. मालकिणीची कुठंच नव्हती. तिचं नाव खाम. आम्ही तिला खामबाई म्हणायचो. गावच्या मुखियाची ती विधवा, आणि नवरा गेल्यापासून गाव तिच्याच शब्दानं चालायचं. मी संपर्क अधिकाऱ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि सोमफोनला घेऊन तिच्या घराची शिडी चढलो. मॅकरे आणि वोइचिक मागोमाग आलेच.

तिनं आम्हाला बसायला चटई टाकली. वेताच्या टोपलीतून वाफाळलेला चिकट भात आणि मिरचीचा ठेचा पुढं ठेवला. नवीन तांदळाचा वास होता. मी सोमफोनकडून तिला विचारलं, की म्हैस तिची, तर गोळी कुठून आली हे तिनं पाहिलं का?

ती म्हणाली, पाहिलं.

"मग इतके दिवस बोलल्या का नाहीत?"

सोमफोननं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. या माणसाला खरंच कळत नाही की काय, असं बघतात तसं. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली. सोमफोननं ते लगेच सांगितलं नाही. त्यानं आधी मॅकरेकडे पाहिलं आणि मग वोइचिककडे. मला ते फार विचित्र वाटलं.

"ती म्हणते," सोमफोन म्हणाला, "मी सांगितलं तर चौकशी संपेल."

खाली विळ्यांची खसखस ऐकू येत होती.

मग तिनं आपण होऊन पुढचं सांगितलं. चौकशी संपली की वरची माणसं खाली येतील, दोन्हीकडची. गेल्या वर्षी पूर्वेची आधी आली आणि भात घेऊन गेली. मग पश्चिमेची आली आणि त्यांना भात का दिला म्हणून तिच्या दिराला घेऊन गेली. तो परत आला नाही. या वर्षी गावानं ठरवलं होतं की भात कापून, झोडून, माणसांसकट निघून जायचं. कुठं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण झेंड्याची गाडी गावात असली तरच वरून गोळी येत नाही. गाडी नसली की खाचरात उतरता येत नाही. म्हैस तशीच मेली होती. तिच्या मागं माणूस होता, तो वाचला.

"साहेब कधी ठरवणार आहेत?" तिनं विचारलं.

आज, असं मी सांगणार होतो. मॅकरेच्या बाजूनं मत लिहिलेला कागद माझ्या खिशात होता. त्याआधीच ती म्हणाली, नदीकाठची खाचरं अजून उभी आहेत.

मी त्या दोघांकडे वळलो. "तुम्हाला हे माहीत होतं?"

मॅकरेनं भाताचा घास बोटांनी वळत वळत सांगितलं, की त्याच्या घरी गहू असतो. मैलच्या मैल. "उभं पीक टाकून जाता येत नाही, मेजर," तो म्हणाला. बस, एवढंच. त्याच्याकडून मी ऐकलेलं घरचं बोलणं तेवढं एकच.

वोइचिकचं इंग्रजी अडखळत चालायचं. त्यानं सांगितलं, की महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी त्याच्या गावाजवळच्या नदीवर येऊन आघाडी थांबली. अलीकडे एक फौज, पलीकडे दुसरी. शरद ऋतूभर. बटाटे जमिनीतच राहिले, कारण काढायला गेलेल्या माणसाला कोण गोळी घालील ते सांगता येत नव्हतं. "त्या हिवाळ्यात माझी आई गेली," तो म्हणाला. "तेव्हा कुणी म्हशीवरून भांडत बसलं असतं, तर बरं झालं असतं."

"तुम्ही दोघांनी हे ठरवून केलं?"

"नाही," वोइचिक म्हणाला. "आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मॅकरेनं कोन मोजायचा म्हटलं. मला वाटलं, हा मूर्ख नाही. मग मी साक्षीदार मागितला."

"आणि मला का सांगितलं नाही?"

यावर मॅकरे बोलला. आमच्यावर कुणी संशय घेणार नाही, तो म्हणाला, आम्ही भांडावं म्हणूनच आम्हाला पाठवलं आहे. पण तुम्ही अध्यक्ष. तुम्हाला माहीत असतं तर तुम्हाला एक तर वर कळवावं लागलं असतं, नाही तर खोटं लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा तुम्ही वैतागलेले बरे.

मला राग यायला हवा होता. आला नाही. खूप दिवस पाठीवर काहीतरी घेऊन चालावं, आणि ते उतरवायची वेळ आल्यावर कुणीतरी म्हणावं की अजून थोडं, तसं झालं. घरी पाळण्यात एक पोर होतं, ते मी अजून पाहिलं नव्हतं. खिशातल्या कागदावर सही केली की पुढच्या विमानानं मी निघणार होतो, आणि कुणीही मला नाव ठेवलं नसतं. मी शेवटपर्यंत जेवलो. हात धुतले. मग खाली उतरून दोन्ही संपर्क अधिकाऱ्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर माझ्या पथकाला सांगितलं, की अध्यक्षाचं समाधान झालेलं नाही.

"गोळी उत्तरेकडून आली असावी, असं माझं मत आहे," मी म्हणालो.

मॅकरेनं माझ्याकडे पाहिलं. "उत्तरेला काय आहे?"

"नदी."

"नदीतून गोळी आली, असं तुमचं म्हणणं आहे का?" वोइचिकनं अगदी गंभीरपणे विचारलं.

"पाहावं लागेल," मी म्हणालो.

आणि आम्ही पाहिलं. म्हैस उकरून काढली, तो वास मी विसरलेलो नाही. नदीचा काठ मोजला, पलीकडचा काठ मोजला, पाण्याची खोली मोजली. रोज सकाळी लवकर निघायचो आणि सूर्य कलेपर्यंत गावात असायचो. जेवणाचे डबे बरोबर न्यायला लागलो. मॅकरे आणि वोइचिक आता दोघंही माझ्याशी भांडायचे, आणि मीही त्यांच्याशी जीव तोडून भांडायचो, घसा बसायचा. तीन माणसांची तीन मतं, म्हणजे दोनास एक व्हायचा प्रश्नच नाही. प्रकरण मुख्यालयात गेलं, तिथून प्रश्न आले, त्या प्रश्नांची आम्ही तीन वेगवेगळी उत्तरं पाठवली. माझ्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरीकडे नेमलं. घरून आलेल्या पत्रात मुलगी बसायला लागल्याचं लिहिलं होतं.

काम संपलं ते मला कुणी सांगितलं नाही. एका सकाळी गावात पोचलो तर नदीकाठच्या खाचरांत नुसते खुंट उरले होते. घराघराखाली झोडलेल्या पेंढ्यांचे ढीग. खामबाई शिडीवर उभी होती. तिनं दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले. मी टोपीला हात लावला. त्याच दिवशी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आम्ही तिघांनी सह्या केल्या. गोळी कुठून आली ते निश्चित सांगता येत नाही. एकमतानं.

मुख्यालयानं माझ्यावर ठपका ठेवला, की साध्या प्रकरणात अध्यक्षाला पथक सांभाळता आलं नाही. पुढं माझी बढती रखडली ती त्याच शेऱ्यामुळं. मॅकरेला त्याच्या सरकारकडून शाबासकीचं पत्र आलं, की दबावाखाली त्यानं तसूभरही माघार घेतली नाही. वोइचिकलाही त्याच्या सरकारकडून अगदी तसंच आलं. हे दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, हसू न येऊ देता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दोन्ही ठाण्यांनी आम्हाला एकाच वेळी बोलावणं पाठवलं. बान केओत गेलो तर गाव रिकामं. दारं बांधून घेतलेली, चुली गार. कणग्यांत दाणा नाही. कुत्रीसुद्धा नेली होती. सगळ्या पाऊलखुणा नदीशी येऊन थांबल्या होत्या. माणसं उतारावरून पलीकडे गेली, की पाण्यातूनच वरच्या अंगाला गेली की खालच्या, याचा काही माग नव्हता.

पूर्वेच्या ठाण्याचा अधिकारी लालबुंद झाला होता. गावकऱ्यांना सरकारनं पळवून नेलं, असं त्याचं म्हणणं होतं. पश्चिमेचा म्हणत होता, बंडखोरांनी. आख्ख्या गावातून हाती आलं नव्हतं ते उत्तर त्यांना आता आमच्याकडून हवं होतं. आम्हा तिघांना त्यांनी वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं. पूर्वेच्यानं वोइचिकला विचारलं, कारण तो त्यांचा. पश्चिमेच्यानं मॅकरेला विचारलं, कारण तो यांचा. मग दोघं मिळून माझ्याकडे आले. प्रश्न एकच होता: गाव कुठल्या बाजूला गेलं?

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

मॅकरे आणि वोइचिकनंही हेच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

परतताना मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. रस्ता खराब, धूळ फार. बऱ्याच वेळानं पाणी हवं का विचारायला मी मागं वळलो. वोइचिकला झोप लागली होती आणि त्याचं डोकं कलंडून मॅकरेच्या खांद्यावर टेकलं होतं. मॅकरेनं ओठांवर बोट ठेवलं. आमचा मुक्काम येईपर्यंत, त्या सगळ्या खड्ड्यांतून, तो ताठ बसून राहिला. खांदा त्यानं हलू दिला नाही.